नाकामुरा आवडली म्हणून माणूस वाईट ठरतो का?

पत्र

ताई, नमस्कार. डोंबिवलीत आमचा आठ-दहा जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमतो. आजवर कादंबऱ्या, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं वाचून झाली. यंदा तरुण मंडळींच्या आग्रहाखातर मी पहिल्यांदाच एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, निवडली, शुझो ओशिमी यांची 'आकु नो हाना'. 'मानसशास्त्रीय प्रेमकथा आहे, थोडी डार्क आहे' एवढंच सगळ्यांना सांगितलं होतं.

चर्चेचं भांडण झालं. मराठीचे निवृत्त सर म्हणाले, ही वाचनकट्ट्यात आणायची वस्तूच नव्हे. आयटीतला मुलगा म्हणाला, इतकी प्रामाणिक प्रेमकथा मी वाचलेली नाही, नाकामुरा ही मांगामधली सर्वोत्तम नायिका आहे. त्यावर आमची एक मैत्रीण, दोन मुलांची आई, ताडकन उठली. 'ज्याला हे प्रेम वाटतं त्याच्या शेजारी मला बसायचं नाही,' म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून ग्रुपवर सामसूम आहे. सर फक्त सुप्रभात टाकतात. माझं चुकलं का? सगळ्यांची माफी मागू का? मांगा कायमची बंद करू का?

– एक वाचनवेडी, डोंबिवली

ता. क. आमच्यातली एक चोवीस वर्षांची मुलगी त्या दिवशी अवाक्षरही बोलली नाही. रात्री तिचा मेसेज आला : 'ताई, मला कायम नाकामुरासारखं कोणीतरी हवं होतं. आतून ओळखणारं. आता आहे एक जण.' मी नुसतं हार्ट टाकलं. बरोबर केलं ना?

उत्तर

प्रिय वाचनवेडी,

तुमच्या ताज्या कलमाकडे मी येणारच आहे, कारण माझ्या मते खरं पत्र तिथेच आहे. पण आधी भांडण निस्तरू.

ज्या वाचकांनी ही मांगा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताकाओ कासुगा हा जपानमधल्या एका डोंगराळ गावातला शाळकरी मुलगा, आपल्याकडची आठवी म्हणा. गाव किर्यू, गुन्मा प्रांतातलं; लेखक ओशिमी स्वतः तिथलेच. कासुगा पुस्तकं वाचतो, फ्रेंच कवी बोदलेअर वाचतो आणि त्यापायी वर्गातल्या इतर पोरांना मनातल्या मनात तुच्छ लेखतो. वर्गातली हुशार, देखणी नानाको साएकी ही त्याची देवता. एके दिवशी विसरलेलं पुस्तक आणायला तो संध्याकाळी रिकाम्या वर्गात परत येतो. साएकीची पीटीच्या कपड्यांची पिशवी खाली पडलेली असते. तो ती उचलतो, बाहेर कसला तरी आवाज होतो आणि हा ती घेऊन पळत सुटतो. ठरवून केलेली चोरी नाही, पण परत ठेवण्याचं धैर्यही नाही. हे सगळं सावा नाकामुराने पाहिलेलं असतं. ती वर्गात मागे बसणारी, शिक्षकांच्या तोंडावर शिवी देणारी, सगळ्यांनी टाकलेली मुलगी. ती त्याला सांगते : करार कर, मी सांगेन ते करायचं, नाहीतर सगळ्यांना कळेल.

पुढे कासुगा आणि साएकी पहिल्यांदा फिरायला जातात तेव्हा नाकामुराच्या हुकमावरून तो तेच चोरलेले कपडे आपल्या शर्टाच्या आत घालून जातो. आणि ऐन मोक्याच्या क्षणी नाकामुरा मागून येऊन त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतते. पांढरा शर्ट अंगाला चिकटतो. वाचताना पोटात गोळा येतो. तुमच्या कट्ट्यावर जे झालं त्याची ठिणगी बहुधा याच प्रसंगात पडली असणार. कारण इथे एका वाचकाला धमकी देऊन केलेली विटंबना दिसते, तर दुसऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपलं सोंग फाडतंय याची विचित्र सुटका जाणवते. दोघंही चित्रात आहे तेच पाहत असतात.

आता मला सांगा, त्या रविवारी कोण कुठवर वाचून आलं होतं? हा पोरकट प्रश्न वाटेल, पण मी पैज लावायला तयार आहे की आठ-दहा जणांनी आठ-दहा वेगळ्या गोष्टी वाचल्या होत्या. ही मालिका 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन' या मासिकात सप्टेंबर २००९ ते मे २०१४ चालली, तिचे एकूण ११ खंड झाले आणि इंग्रजीतही ते सगळे निघाले. २०१३ साली तिच्यावर १३ भागांची अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका, आली. ती गोष्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा सांगते आणि थांबते. म्हणजे ज्याने 'मी अॅनिमे बघून आलोय' म्हटलं त्याला गावातली जत्रा ठाऊक नाही, टोकिवा ठाऊक नाही, समुद्रकिनारा ठाऊक नाही. कुणी चौथ्या-पाचव्या खंडापाशी किळस येऊन पुस्तक मिटलं असेल. कुणी फुकटच्या साइटवर जेवढं सापडलं तेवढंच वाचलं असेल (तो वेगळाच विषय, कट्ट्यासाठी पुस्तक निवडताना ते मिळणार कुठून हे आधी बघत जा, हा माझा आगाऊ सल्ला). अशा मंडळींनी एका टेबलाशी बसून 'हे प्रेम आहे की नाही' यावर मतदान घेतलं तर दुसरं काय होणार?

तसं पाहिलं तर ही मालिका जिथे गेली तिथे लोक भांडलेच आहेत. अॅनिमेवरून तर जबरदस्त. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा यांनी खरे नट घेऊन आधी चित्रीकरण केलं आणि त्यावरून चित्रं गिरवून घेतली. या तंत्राला रोटोस्कोप म्हणतात. परिणाम असा की मांगामधल्या टपोऱ्या डोळ्यांच्या, गोंडस चेहऱ्यांच्या जागी बोजड, सपाट, खऱ्याखुऱ्या माणसांचे चेहरे आले. पात्र लांब गेलं की नाकडोळे पुसट होत जात आणि चेहरा कोराच राही. मांगाच्या कित्येक चाहत्यांना हा विश्वासघात वाटला. आमची नाकामुरा कुठे गेली, म्हणून ओरड झाली. काही मोजक्यांना मात्र हीच खरी 'आकु नो हाना' वाटली, कारण नाकामुरा सुंदर दिसली नाही की तिची क्रूरता नुसती क्रूरता म्हणून दिसते. मी या दुसऱ्या गटातली. मांगामधली नाकामुरा ओशिमींनी फार देखणी काढली आहे, आणि देखण्या माणसाला आपण किती माफ करतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या आयटीतल्या मुलाला एकदा अॅनिमेचे पहिले तीन भाग पाहायला सांगा. 'सर्वोत्तम नायिका' हे मत टिकतं का बघू. टिकलं तर त्यालाही वजन आहे.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच. अख्ख्या पत्रात साएकीचं नाव नाही. एकदाही नाही. म्हणजे तासभर भांडण झालं ते नाकामुरा आणि कासुगा यांच्यावरून, आणि जिचे कपडे चोरीला गेले, जिची वर्गात शोभा झाली, जिच्या प्रेमाची दोघांनी आपल्या खेळासाठी सोंगटी केली, ती मुलगी चर्चेत आलीच नाही. हे फक्त तुमच्या कट्ट्याचं नाही. या मांगाचे कितीतरी वाचक साएकीवर चिडतात. सुरुवातीला ती 'फार साधी' म्हणून कंटाळवाणी वाटते; आणि पुढे ती कासुगावर त्याच्या मर्जीविरुद्ध जबरदस्ती करते आणि त्याने व नाकामुराने मिळून उभारलेली झोपडी जाळते, तेव्हा तर ती खलनायिकाच ठरते. तिने केलं ते वाईटच, त्याला दुसरं नाव नाही. शिवाय मुलावर झालेली जबरदस्ती म्हणून पुष्कळ वाचक ते पान नुसतं उलटून जातात, हेही बरं नव्हे. पण एका सरळ मुलीचं असं का झालं याचा हिशोब मांडायला वाचक तयार नसतो, कारण त्या हिशोबात त्याचा लाडका नायक आणि लाडकी नायिका दोघंही देणेकरी निघतात. ओशिमी मात्र विसरत नाहीत. कित्येक वर्षांनी, सगळं विसरून नव्या शहरात नवं आयुष्य सुरू केलेल्या कासुगासमोर ते साएकीला आणून बसवतात, आणि तू अजून पळतोच आहेस हे तिच्या तोंडून त्याला ऐकवतात. आवाज न चढवता. मला तो प्रसंग जत्रेतल्या अग्निदिव्यापेक्षा भारी वाटतो.

आता सर. सरांना उडवून लावू नका. त्यांचं म्हणणं 'वाचनकट्ट्यात आणायची वस्तू नव्हे' एवढ्यावर थांबत असेल तर मला पटत नाही, आणि हे त्यांना त्यांच्याच शस्त्राने सांगता येईल. 'आकु नो हाना' म्हणजे 'दुष्टतेची फुलं'. हे नाव ज्याच्यावरून घेतलंय तो बोदलेअरचा कवितासंग्रह १८५७ साली निघाला आणि त्याच वर्षी कोर्टात गेला. कवीला ३०० फ्रँक दंड झाला, सहा कविता काढून टाकायचा हुकूम निघाला आणि त्या सहांवरची बंदी फ्रान्समध्ये उठायला १९४९ उजाडलं. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'गिधाडे'च्या वेळी काय झालं ते सरांना माझ्याहून चांगलं माहीत असेल : साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला खुपला, तो निळा करावा लागला, आणि डॉ. लागूंनी प्रेक्षकांना सांगून टाकलं की निळा दिसला तरी तो लाल समजावा. सर हे वर्गात रंगवून सांगत असतील याची मला खात्री आहे.

मात्र सरांच्या रागात एक रास्त गोष्ट आहे आणि ती तुम्ही ऐकायला हवी. ही मुलं तेरा-चौदा वर्षांची आहेत. त्यांच्या वेदनेवर, लाजेवर, एकमेकांना केलेल्या इजेवर मोठ्या माणसांनी क्लबहाऊसमध्ये बसून 'काय रोमँटिक आहे!' म्हणायचं, हे कानाला खुपणारच. चाळीस वर्षं आठवीच्या वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला तर जास्तच. त्यांना बहुधा कासुगा दिसलाच नाही. मागच्या बाकावर बसलेली त्यांची स्वतःची चार-दोन पोरं दिसली. 'सर, तुमच्या वर्गात अशी नाकामुरा होती का?' एवढाच प्रश्न त्यांना विचारा आणि गप्प बसा. सुप्रभातच्या पलीकडचं काहीतरी येईल.

तुमच्या त्या मैत्रिणीबद्दल. तिला पटवून द्यायला जाऊ नका. पुस्तक मिटायचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे आणि खोलीतून उठून जायचाही आहे. ती का उठली ते तिने सांगितलेलं नाही, तिने सांगायलाच हवं असंही नाही. पण या पुस्तकात धमकी आहे, विटंबना आहे, जबरदस्ती आहे, भर जत्रेत अंगावर रॉकेल ओतून घेणारी दोन मुलं आहेत. 'थोडी डार्क आहे' या तीन शब्दांत हे मावत नाही. माफी मागायची असेल तर त्याबद्दल मागा, आणि सगळ्यांची नको, तिची मागा. फोन करून, ग्रुपवर नाही. 'हे सगळं त्यात आहे हे मी आधी सांगायला हवं होतं' एवढं एक वाक्य पुरे. लगेच 'पण पुस्तक चांगलंच आहे गं' हे शेपूट जोडू नका.

उठताना ती जे वाक्य म्हणाली ते मात्र मी तिच्या बाजूने सोडून देणार नाही. 'ज्याला हे प्रेम वाटतं त्याच्या शेजारी बसणार नाही.' ही एक सवय आपल्याकडे अलीकडे फार बोकाळली आहे. आवडीनिवडीवरून माणसाचं चारित्र्य वाचायचं. अमुक पात्र आवडलं म्हणजे तू तसाच. मग लोक खरं बोलायचं सोडून देतात, चर्चेत फक्त सुरक्षित मतं उरतात, आणि वाचनकट्ट्याची भिशी होते. आयटीतल्या मुलाने 'प्रामाणिक' हा शब्द वापरला होता, 'आदर्श' नव्हे. त्याला विचारा : कुठे प्रामाणिक वाटली? कुठल्या पानावर? माझा अंदाज सांगू? तो बादलीचा प्रसंग सांगणार नाही. तो डोंगरावरच्या पावसातल्या रात्रीचा सांगेल, जिथे कासुगा रडत कबूल करतो की मला बोदलेअर कधी कळलाच नव्हता, मी नुसता तो वाचणारा मुलगा म्हणून मिरवत होतो. (हे पान वाचनकट्ट्यातल्या प्रत्येकाला सक्तीने वाचायला लावावं असं मला वाटतं. मी धरून.) ओशिमींनी ही मालिका वयात येण्याच्या यातना भोगणाऱ्या आणि कधी काळी भोगलेल्या सगळ्यांना अर्पण केली आहे. त्या दुसऱ्या गटात आपण सगळेच येतो. कुणाला ते आठवायला आवडतं, कुणाला नाही.

आता उत्तरार्ध, कारण त्याशिवाय तुमच्या ताज्या कलमाला उत्तर देता येत नाही. जत्रेत शेवटच्या क्षणी नाकामुरा कासुगाला ढकलून देते आणि एकटीच मरायला निघते. तिचे वडील तिला धरतात. तिथे पूर्वार्ध संपतो. पुढचं पान उलटलं की आपण थेट सायतामा प्रांतात पोचतो. कासुगा हायस्कुलात आहे, मान खाली घालून जगतो. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला टोकिवा नावाची मुलगी दिसते आणि तिच्या हातात तोच बोदलेअर असतो. इथून मालिका पार बदलते. किंचाळ्या बंद, मोठमोठी शांत चित्रं, दोन मुलं पुस्तकांबद्दल बोलतायत.

वाचकांमध्ये दुसरी मोठी फूट पडते ती इथे. निम्मे म्हणतात, धार गेली. ज्या लेखकाने आगीत हात घातला त्याने शेवटी बर्फ चोळला. कासुगाला 'नॉर्मल' करून टाकणं ही नाकामुराशी गद्दारी आहे. उरलेले म्हणतात, याच्यासाठीच तर सगळं सोसलं. मी दुसऱ्यांच्या बाजूची, पण पहिल्यांचं दुःखही समजू शकते. पूर्वार्ध वाचताना जो ज्वर चढतो तो उत्तरार्धात उतरतो आणि ज्वर उतरल्यावर माणसाला जरा रिकामं वाटतंच.

पण त्या उत्तरार्धात एक गोष्ट घडते जी मला अख्ख्या मालिकेचा कणा वाटते. टोकिवाबरोबरचं नातं पुढे जायची वेळ येते तेव्हा कासुगा तिला सगळं सांगतो. पीटीचे कपडे, करार, झोपडी, जत्रा, सगळं. स्वतःच्या तोंडाने. ज्या गुपिताच्या दोरीने नाकामुराने त्याला दावणीला बांधलं होतं ते गुपित तो स्वतःच बाहेर काढून ठेवतो. टोकिवा हादरते, पण निघून जात नाही. आणि मग ती त्याच्याबरोबर नाकामुराला भेटायला जाते. नाकामुरा एका किनाऱ्यावरच्या गावात आईच्या खाणावळीत हातभार लावत असते. तिघं वाळूत एकमेकांना पाडतात, लाटांमध्ये लोळतात, आणि निघताना ती सांगते, पुन्हा येऊ नकोस. लग्न नाही, मिठी नाही, माफीनामा नाही. मालिका तिथेही संपत नाही. शेवटी ओशिमी आपल्याला नाकामुराच्या डोळ्यांत नेऊन बसवतात आणि तिला जग कसं दिसत होतं ते दाखवतात : माणसांच्या जागी रेघोट्यांचे विद्रूप गोळे. इतके खंड आपण जिला सैतान किंवा देवी म्हणत होतो ती एक घाबरलेली मुलगी होती हे तेव्हा कळतं. त्याने तिचे अपराध धुतले जात नाहीत. पण तिला देव्हाऱ्यात बसवायलाही मन होत नाही.

तर आता ती चोवीस वर्षांची मुलगी.

'मला आतून ओळखणारं कोणीतरी.' ही भूक खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. पूर्वार्ध वाचून जे म्हणतात 'हे प्रेम आहे', ते याच भुकेपोटी म्हणतात. आपलं सगळ्यात ओंगळ रूप कुणीतरी पाहिलं आणि तरी ते माणूस गेलं नाही, यासारखं दुसरं सुख नाही. पण नाकामुरा कासुगाला ओळखते त्याच क्षणापासून ती त्याला धमकावतेही, आणि गोष्टीत या दोन धाग्यांची इतकी घट्ट वेणी घातली आहे की वाचताना कुठला कुठला ते समजत नाही. म्हणून तिच्या 'आता आहे एक जण' या चार शब्दांवर माझा डोळा अडकला. तो मुलगा कदाचित टोकिवासारखा असेल. तसं असेल तर छानच, तुम्ही टाकलेलं हार्ट योग्य जागी पडलं. पण तिने नाव नाकामुराचं घेतलंय, टोकिवाचं नाही. तिने कुठवर वाचलंय हे म्हणूनच विचारायला हवं. हे उत्तम निमित्त आहे, कारण यात चौकशीचा वास येत नाही.

तिला चहाला बोलवा. घरी नको, तिच्या घरचे किंवा तुमच्या घरचे मध्ये येतील. स्टेशनजवळच्या एखाद्या साध्या हॉटेलात. आधी तिला पुस्तकावरच बोलू द्या. मग सहज विचारा : तुझं असं काही त्याला माहीत आहे का, जे इतरांना कळेल याची तुला भीती वाटते? तो कधी त्याची आठवण करून देतो का, थट्टेतसुद्धा? तू 'नाही' म्हणालीस तर पुढे काय होतं? मोबाइलचा पासवर्ड त्याने मागितला की तू दिलास? गेल्या सहा महिन्यांत मैत्रिणींना किती वेळा भेटलीस? हे सगळं एका दमात विचारू नका, पोलिस चौकशी वाटेल. दोन विचारा आणि तिला बोलू द्या. ती चिडली तर चिडू द्या, बिल भरा आणि 'केव्हाही फोन कर' म्हणून या. तो मुलगा वाईट आहे असं चुकूनही म्हणू नका. म्हणालात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काहीच सांगणार नाही.

आणि जर बोलण्यातून फोटोंची, चॅटची, 'सगळ्यांना दाखवीन'ची काही धमकी निघाली, तर ते पुस्तकाच्या पलीकडचं प्रकरण आहे. तिला सांगा : काहीही डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, आणखी फोटो किंवा पैसे देऊन प्रकरण मिटवायला जायचं नाही. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि तिचं मन फार खाली गेलंय असं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. बरोबर कोणी येईल का असं तिने विचारलं तर जा. गुपित आपणहून कुणा एका भरवशाच्या माणसाला सांगितलं की धमकीतली निम्मी हवा जाते. कासुगाने टोकिवाला सांगितलं तेव्हा नेमकं तेच झालं. तिला ते पान अजून मिळालं नसेल तर नवव्या-दहाव्या खंडापर्यंत वाच, असं सुचवायला हरकत नाही.

उरले तुमचे बाकीचे प्रश्न. मांगा बंद करू नका. कादंबरीवरून भांडण झालं असतं तर कादंबऱ्या बंद केल्या असत्यात का? पुढची बैठक नेहमीच्या रविवारी ठेवा आणि ग्रुपवर लिहा की ज्यांनी ११ खंड पूर्ण केलेत त्यांनी साएकीवर बोलायला यावं. ज्यांना हे पुस्तक नको आहे त्यांच्यासाठी त्यानंतरच्या महिन्याला दुसरं काही असेल, ते त्यांनीच सुचवावं. तुमच्या मैत्रिणीला पहिली निवड द्या. या बैठकीत 'तू असा आहेस म्हणून तुला हे आवडलं' हे वाक्य कुणी उच्चारलं तर त्याने सगळ्यांना वडापाव खिलवायचे. सरांना हा नियम फार आवडेल.

एक सावधगिरी. तरुण मंडळी लगेच ओशिमींचीच 'चि नो वादाची' सुचवतील. १७ खंड, २०१७ ते २०२३, आणि तिच्यात प्रेयसीच्या जागी आई आहे. मांगा म्हणून ती याहून सरस आहे असं माझं मत. पण सध्या नको. आणि वर्षभराने घ्यायची झालीच, तर गोष्टीत नेमकं काय काय आहे याची दहा ओळींची टीप आधी ग्रुपवर टाका.